ठोसर सरांचा आर

ठोसर सर आमच्याकडे खोली बघायला आले तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही, डिपॉझिट विचारलं नाही. गच्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "टाकी गोल आहे का चौकोनी?"

"गोल हाय," मी म्हणाले.

"मग घेतो."

भरे गावात आमची भाताची शेती आहे आणि घराच्या मागे भाड्याच्या खोल्या. बाकीच्या खोल्यांत पिरंगुटच्या कारखान्यांतली मुलं राहतात. सर अमरावतीकडचे. इंजिनिअरिंग कॉलेजात आयुष्यभर पाणी कसं वाहतं ते शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली. सामान म्हणजे एक पेटी, एक कुकर आणि खडूंचे खोके. आल्या आल्या त्यांनी खोलीबाहेरची भिंत काळी रंगवली. मी ओरडले तर शांतपणे म्हणाले, "बाई, तो फळा आहे. भिंत मागे तशीच आहे."

त्या फळ्यावर ते रोज आंघोळ झाली की एक समीकरण सिद्ध करत. लोक पूजा करतात तसं. गोल नळीतून वाहणारं पाणी वाटेत नाहीसं होत नाही, एवढंच त्यात सिद्ध होतं. फळा भरायचा, शेवटी शून्य यायचं, सर मान हलवायचे, फळा पुसायचे आणि चहा टाकायचे.

"सर, उत्तर रोज त्येच येतं ना?"

"तेच येते."

"मग रोज कशाला?"

"एखाद्या दिवशी नाही आलं तर?"

मी धुणं वाळत घालायला गेले.

कोणत्याही गोष्टीवर त्यांचा प्रश्न एकच: "आत किती, बाहेर किती, साठलं किती?" माझ्या पुतणीच्या लग्नात ते जेवणाच्या मांडवाच्या दाराशी उभे राहून येणारे-जाणारे मोजत होते. शेवटी मांडवाबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यामुलाच्या काकांना म्हणाले, "तुम्ही दोनदा आत गेले, बाहेर एकदाच आले. असं होऊ शकत नाही." काकांनी ते जेवणावरून घेतलं. अजून बोलत नाहीत.

एकदा टाकी भरेना. मोटर चालू, तरी पाणी अर्ध्यावर. आमच्या ह्यांनी भाडेकरूंवर तोंड टाकलं. सर म्हणाले, "थांबा, भांडू नका," आणि खडू घेऊन गच्चीवर गेले. दुपार उलटल्यावर कोपरापर्यंत पांढरे होऊन खाली आले.

"पाणी आत येऊन राहिलं, साठून नाही राहिलं. म्हणजे टाकी गळते. सिद्ध झालं."

"व्हय," हे म्हणाले. "सकाळधरनं गोठ्यात चिखुल झालाय."

सरांना वाईट वाटलं नाही. दोन्हीकडून उत्तर एकच आलं, म्हणून ते उलट खूश होते.

ते समीकरण मला कळतं, याचं कारण माझ्या भाकऱ्या. सर आमच्याकडेच जेवतात. एकदा मी तांदळाच्या भाकऱ्यांची चवड समोर ठेवली, तर त्यांनी सुरी मागितली आणि अख्ख्या चवडीतून मधलाच एक तुकडा कापून काढला. "ही नळी. हा नळीतला एवढासा भाग. आता पाहा, मध्याकडची कड आखूड, बाहेरची लांब. पाणी आत येते ते लहान दारातून, जाते मोठ्या दारातून. दार किती मोठं, ते मध्यापासून किती दूर त्यावर. त्या अंतराला म्हणायचं आर. पोरं दोन्ही दारं सारखीच धरतात आणि आर विसरतात." इथे त्यांचा आवाज चढला. "आर विसरला की मी शून्य देत होतो. त्याच्यापुढे वाचतच नव्हतो!"

"भाकरी गार होतीया," मी म्हणाले.

सरांचा मुलगा निरंजन बावधनला राहतो, हे मला फार उशिरा कळलं. गाडीने अर्ध्या तासाची वाट.

"मग हितं खोली कशाला घेतली?"

"तिकडच्या टाक्या चौकोनी आहेत."

दिवाळीत सून फराळ घेऊन आली. मुलगा फाटकाशी गाडीतच बसून राहिला. मी चहा दिला तेव्हा तिने सांगितलं. निरंजन वडिलांच्याच कॉलेजात होता. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, ती नेमकी सरांकडे तपासायला आली. निरंजनने आर सोडला होता. शून्य मिळालं, पेपर गेला, वर्ष गेलं. "तेव्हापासून हे बाबांशी कामापुरतंच बोलतात. बाबांनी अक्षर ओळखलं नसेल का, एवढं एकच डोक्यात बसलंय."

मला आडून विचारता येत नाही. ती गेल्यावर सरांना सरळच विचारलं, "अक्षर वळखलं व्हतं?"

"ओळखलं होतं." ते चकलीचा तुकडा हातात धरून बसले. "आरही नव्हता."

या वर्षी नात, इरा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि तिला नेमकं हेच आलं. तिने व्हिडिओ कॉल केला. एका हातात फोन धरून सरांना लिहिता येईना, म्हणून फोन धरायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी, दूध काढून झाल्यावर.

जो माणूस रोज चहाआधी सगळं उरकतो, तो आता एकेक ओळ पुरवून पुरवून सांगायला लागला. एका संध्याकाळी फक्त मध्यातून बाहेर जाणारं पाणी. "वळणारं उद्या." मग वळणारं. "वर चढणारं उद्या." तिच्या मागच्या दारात कधीकधी एक सावली थांबायची, तेव्हा सर आवाज जरा मोठा करायचे. इरा पहिल्याच दिवशी आर विसरली. मी कान झाकायच्या तयारीत होते. सर म्हणाले, "असू दे बेटा, होते असं."

पण कितीही पुरवलं तरी ते संपणारच. "आबा, उद्या शेवटचं ना? परवा परीक्षा आहे," इरा म्हणाली. सर हो म्हणाले. त्या रात्री त्यांनी एकच भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा फळा आधीच भरलेला होता. मी नजर फिरवली, सगळं जागच्या जागी होतं. एवढ्यात फोन वाजला. सरांनी घाईने अंगठ्याला थुंकी लावली आणि पहिल्या ओळीतला आर पुसला. मग खालच्या ओळीतलाही. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"उचला," ते म्हणाले.

मी उचलला. सर फोनकडे पाठ करून एकेक ओळ वाचत शेवटापर्यंत गेले. इरा वहीत उतरवत होती, तिला काही दिसलं नाही. सर खडू घेऊन उभेच.

तेवढ्यात तिच्या मागून कुठूनतरी, बहुतेक दारातून, एका पुरुषाचा आवाज आला.

"बाबा, आर राहिला."

सर वळले नाहीत. "कुठे?"

"पहिल्याच ओळीत. दोन्ही दारं सारखी धरलीत तुम्ही."

"मग? किती देशील?"

माझा हात भरून आला होता, पण मी फोन खाली केला नाही.

"शून्य," निरंजन म्हणाला. आणि मग, "इराला नीट मी समजावतो आज. तुम्ही रविवारी करून दाखवा. मी येतो तिकडे."

"पूर्णच करावं लागेल," सर फळ्याला म्हणाले. "पहिल्यापासून."

रविवारी मी भाकऱ्यांच्या दोन चवडी केल्या. एक खायला, एक कापायला.