बोर्ड लावला, आवतन राहिलं

मी फक्त एक बोर्ड लावायचं ठरवलं होतं. एवढंच. माणसं याहून मोठमोठे निर्णय घेतात आणि वर सुखानं जगतात.

धारूरच्या घाटात, जाईआत्याच्या माळावर, मी आणि आम्रपालीनं पाहुण्यांसाठी मुक्कामघर बांधलं. एक खोली भल्यामोठ्या रांजणासारखी गोल, मातीची. एकीत भंगारातल्या जीपचा पलंग. लिंबावर मचाण. (मी याला 'निसर्गाशी संवाद' म्हणतो. खालची वाडी 'पवनचं येडं घर' म्हणते.) सहली काढणारी पुण्याची धनश्री रविवारी बघायला येणार होती. तिला आवडलं तर हंगाम सुरू, नाहीतर आम्रपालीला पुन्हा पुण्यात नोकरी शोधावी लागणार. मी म्हटलं, त्याच दिवशी ओपन हाऊस करू! अख्खी वाडी येईल, गाव आणि पर्यटन हातात हात घालून उभे राहतील.

"मग घरोघर आवतन द्यायला कधी जायचं?" आम्रपालीनं विचारलं.

"आवतन? आधी कुणाला बोलावलं, मागून कुणाला, कुणाचा मान मोठा, हे मोडायलाच तर आलोय आपण! 'सर्वांसाठी खुले' असा बोर्ड लावू, वाडीच्या ग्रुपवर फोटो टाकू. समता म्हणजे समता."

"निदान आत्याला तरी सांगून ये."

"आत्याला काय सांगायचं? ती घरचीच आहे."

(हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे. कुणी परत करत नाही.)

रविवारी धनश्री आली. चहाचं पातेलं उकळून उकळून काळं पडलं, पण वाडीतलं चिटपाखरू वर फिरकलं नाही. "गावाचा सहभाग कुठंय?" असं ती अगदी गोड आवाजात विचारत होती. मी मचाणावर चढून खाली पाहिलं, तर अख्खी वाडी पारावर! पांढरेशुभ्र सदरे, ठेवणीतल्या साड्या, पोरांच्या तोंडाला पावडर. आणि सगळ्यांच्या माना वर, आमच्याकडे.

"कुणाचं लग्न आहे का गं आज?" मी ओरडलो.

"नाही," आम्रपाली खालून म्हणाली, "तुझं ओपन हाऊस आहे."

मी धावत खाली गेलो. पारावर सगळ्यात पुढं आश्रुबाकाका बसलेले.

"या पवनराव! इकडं कुणीकडं?"

"काका, तुम्ही आला का नाहीत?"

"बोलावलं कुणी?"

"बोर्ड लावलाय ना!"

"बोर्ड तर टोलनाक्यावर बी हाय. तितं जेवाय जातो का आमी?" पार खदखदून हसला. मग काका जरा हळू म्हणाले, "सकाळधरनं लई तयारीत बसलोत बाबा. म्हणलं, तू येशील, दोन शब्द बोलशील, मग निघू. आता आधी आत्याकडं जा. मोठी हाय ती."

आत्या उंबऱ्यात बसली होती. नवं लुगडं, त्याच्या घड्याही अजून मोडलेल्या नव्हत्या.

"कावून आलास?"

"आत्या, चल ना वर. आपलंच घर आहे."

"आपलं असतं तर बोलावलं असतंस."

"अगं, आपलं म्हणूनच नाही बोलावलं!"

"रांजण लिपायचा व्हता तवा पळत आलतास. 'आत्या, तुझ्याबिगर जमणार न्हाई.' लिपायला आवतन, आन बघायला बोर्ड?"

त्या रांजणाच्या भिंतीवर तिच्या बोटांचे फराटे अजून आहेत. धनश्रीला मी ते 'नैसर्गिक पोत' म्हणून दाखवले होते. समतेवर मी कुठंही तासभर बोलू शकतो, पण त्या उंबऱ्यात मी कान धरले.

"चुकलो आत्या. ये ना."

"आज न्हाई. आज मी रुसलेली हाय. उद्या ये बोलवायला."

आवतन घरातच घ्यायचं म्हणून पार उठून आपापल्या घरी गेला, आणि उरलेल्या वाडीला तरी न्यावं म्हणून मी दारोदार सुटलो. पण आवतन उभ्या उभ्या देत नाहीत. बसावं लागतं, पाणी प्यावं लागतं, चहा घ्यावा लागतो. नाही म्हटलं की, "आमचा चहा चालत न्हाई का?" (हा प्रश्न मराठवाड्यात चेष्टेत विचारत नाहीत.) शेवटच्या घरापर्यंत माझ्या पोटात चहा डुचमळत होता आणि सूर्य डोंगराआड चालला होता. वाडी घेऊन वर पोचलो, तर धनश्री केव्हाच केजच्या रस्त्याला लागलेली.

"काय म्हणाली?" मी धापा टाकत विचारलं.

"दोन सहली पाठवते म्हणाली. रांजण फार आवडला. आणि मालक दिवसभर मध्येमध्ये येत नाहीत, हे तर तिला सगळ्यात आवडलं."

वाडीनं मचाण बघितलं, पोरांनी जीपच्या पलंगावर उड्या मारल्या, काळा चहा कुरकुरत का होईना, संपवला. रांजणात मात्र कुणी गेलं नाही. "जाईबाई आल्याबिगर न्हाई," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून आत्याकडे गेलो. रीतसर बसलो, पाणी प्यालो, चहा प्यालो, हात जोडले. "आत्या, उद्या जेवायला वर यायचं."

आत्या विचारात पडली.

"उद्या तू असशील का तितं?"

"असणारच की! तुझ्यासाठी दिवसभर थांबतो."

"मग परवा येते."

परवा मी सिमेंट आणायला बीडला जाणार, हे आम्रपालीनं तिला आधीच कळवलं होतं.