गाडी खाली केली

शनिवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. नेरळहून कर्जतकडे येणाऱ्या रस्त्यावर, एका वीटभट्टीसमोर, पांढऱ्या रंगाची छोटी गाडी डावीकडे कलंडून उभी. पुढचं डावं टायर फुटलेलं. जखमी कोणी नाही. गाडीशेजारी दोन माणसं : खोपोलीच्या एका कारखान्यातले स्टोअरकीपर योगेंद्र, वय एक्केचाळीस, आणि धवलारीण मोतीबाई, वय तिनं कधीच कोणाला सांगितलेलं नाही.

इथवर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते याआधी काय झालं यावर.

आमच्याकडे आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी भागतं, डीजेची वायर जळली तर लोक उलट सुटकेचा निःश्वास सोडतात. पण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी बाई मांडवात आल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. त्या संध्याकाळी हळद होती योगेंद्रच्या मेहुण्याची, ऋषिकेशची. मोतीबाईला आणायला सासरची मंडळी टेंपो पाठवणार होती. योगेंद्रनं ते काम भांडून स्वतःकडे घेतलं. ("टेंपो? मग माझी गाडी काय नुसती पुसायला ठेवलीये?") बारा वर्षांत या जावयानं सासरचं एक तरी काम धड केल्याची कुठे नोंद नव्हती. ती आज व्हायची होती.

आता मूळ प्रकरण. ते दीड महिन्यापूर्वीचं, रविवार सकाळचं. जागृती, म्हणजे योगेंद्रची बायको, बोंबील साफ करता करता म्हणाली, "अहो, ती गाडी खाली करा एकदाची. लग्न तोंडावर आलंय."

योगेंद्रनं चहाचा कप खाली ठेवला. दोन वर्षं तो मोबाईलवर जमिनीला पोट टेकवून धावणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होता, तेही बाथरूममध्ये, आवाज बंद करून. विषय काढायची छाती नव्हती. आणि आज बायको स्वतः म्हणतेय!

"खरंच करू?"

"मग काय मी करू? किती दिवस सांगतेय!"

(किती दिवस सांगतेय, इथे कोणालाही शंका आली असती. पण हवं तेच कानावर पडल्यावर शंका काढायला बसतो कोण?)

दुपारी बारा वाजता तो खोपोलीत अब्बासभाईंच्या गॅरेजमध्ये हजर.

"योगेंद्रभाऊ," अब्बासभाई म्हणाले, "तुमी रोज कर्जत-खोपोली करता. रस्ता बघितलाय ना? गाडी खाली करायला आधी खाली रस्ता पायजे."

"बायकोची इच्छा आहे."

"बायकोची?" अब्बासभाईंनी पाना उचलला. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी आखूड स्प्रिंगा बसवल्या आणि बजावलं, "धा दिवसांत स्प्रिंगा बसतील. मग अलाइनमेंटला या. नायतर गाडी टायर खाईल. तेही आतून. भायरून बघाल तर टायर नवं."

घरी आल्यावर जागृतीनं विचारलं, "केली का गाडी खाली?"

"केली!"

"सगळी?"

"चारही बाजूंनी!"

"बरं झालं बाई." आणि तिनं ताटात बोंबलाची आणखी एक तुकडी वाढली. लग्नानंतर एवढं सुख योगेंद्रला फार कमी वेळा मिळालं होतं. जागृती स्वतः शाळेत स्कूटीवरून जायची. गाडीकडे बघायला तिला वेळ नव्हता, आणि गरजही नव्हती. खाली झाली होती ना!

दहा दिवसांनी अलाइनमेंट. चाकांना पट्ट्या लावल्या, कॉम्प्युटरवर हिरवे-लाल आकडे नाचू लागले. अब्बासभाईंनी खड्ड्यातून विचारलं, "गाडी खाली हाय ना?"

"खाली म्हणजे? एकदम खाली!" योगेंद्र छाती काढून म्हणाला. "तुम्हीच तर केलीत."

शेजारी कोणीतरी रिमवर हातोडा घालत होतं. अब्बासभाईंना फक्त "एकदम खाली" ऐकू आलं. त्यांनी आकडे हिरवे केले आणि वर आले.

पुढचा महिना योगेंद्रच्या आयुष्यातला सोन्याचा. कारखान्याच्या पार्किंगमध्ये लोक म्हणायचे, "काय बसलीये गाडी! मागून तर जबरदस्त." तो स्पीड ब्रेकर खेकड्यासारखा तिरका ओलांडायचा. स्टेअरिंग डावीकडे ओढत होतं, पण रस्ता उतरता असेल, असं त्यानं ठरवून टाकलं. (हा रस्ता दोन्ही दिशांना डावीकडेच कसा उतरतो, हा प्रश्न स्टोअरकीपरला पडला नाही.)

आणि मग तो शनिवार. मोतीबाई नऊवारी सावरत पुढच्या सीटवर बसली. पहिला स्पीड ब्रेकर आला.

"मावशी, जरा उतरता का? तेवढाच आहे."

ती उतरली. गाडी पलीकडे गेली. ती बसली. दुसरा आला. ती उतरली. नेरळ ते कर्जत किती स्पीड ब्रेकर आहेत, याचा आकडा कुठल्याही कचेरीत मिळत नाही. खुशाल मागून बघा. मोतीबाईनं मात्र मोजले. सातव्याला ती म्हणाली, "जावय, तू मला न्यायला आलास का मी तुज्या गाडीला पोचवायला आलेय?"

आठव्याला ती उतरलीच नाही. पोटाखाली खरड्दिशी आवाज झाला, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी, वीटभट्टीसमोर, फट्ट!

योगेंद्रनं स्टेपनीसाठी डिकी उघडली. आत बाथरूमच्या लाद्यांचे चार खोके. रंग आवडला नाही म्हणून जागृतीनं दुकानात परत द्यायला सांगितलेले. कारखान्यातला एकेक नटबोल्ट ज्याला तोंडपाठ, तो माणूस हे सव्वाशे किलो दीड महिना खोपोलीला नेत होता आणि परत आणत होता.

त्यानं एक खोका उतरवला. गाडीचं ढुंगण किंचित वर आलं. दुसरा, तिसरा, चौथा.

"जावय," खोक्यावर बैठक मारत मोतीबाई म्हणाली, "तुजी गाडी उठली रं. आता उबी रायली बग."

स्टेपनीत हवा नव्हती. मोतीबाईनं फुटलेल्या टायरवरून हात फिरवला. बाहेरची नक्षी कोरी करकरीत. आतली कड गुळगुळीत, तारा निघालेल्या.

"भायेर केस, आत टक्कल."

(योगेंद्रचा हात आपसूक डोक्याकडे गेला.)

मांडवात सहाला हळद. घड्याळात साडेपाच. मोबाईलवर सासरचे चार मिस्ड कॉल. योगेंद्रला आपली कोरी राहिलेली नोंद डोळ्यांपुढे दिसू लागली. तेवढ्यात धूळ उडवत टेंपो आला. खुर्च्या घेऊन मांडवाकडेच निघालेला, चालवणारा सासरच्या गावचा चांगो.

"दाजी! काय झालं?"

"काय नाय," मोतीबाई परस्पर म्हणाली, "गाडी जेवली न् झोपली."

मोतीबाई पुढे. योगेंद्र मागे, खुर्च्यांमध्ये, लाद्यांवर.

सहाला पाच कमी असताना टेंपो मांडवात शिरला. ज्या टेंपोला नाही म्हणून तो भांडला होता, त्याच टेंपोतून जावई उतरला. पण धवलारीण वेळेवर आली होती. सासऱ्यांनी "आणली तर खरी" म्हणून मान डोलावली. नोंद झाली.

हळद लागली. मोतीबाईनं देवाचे, आईबापाचे धवले म्हटले आणि मग सूर न बदलता,

"गाडी खाली केली गं, जावयानं केली,
लाद्यांचं वराड घेऊन, हळदीला नेली."

जागृती हळदीचं ताट घेऊन थबकली. "लाद्या? तुम्ही तर गाडी खाली केली म्हणालात!"

"केलीच की! अब्बासभाईंकडून. स्प्रिंगा बदलून."

"स्प्रिंगा? अहो, मी रिकामी करा म्हणत होते!"

मांडवात आधी बायका हसल्या, मग पुरुष, आणि शेवटी पिवळाधम्मक ऋषिकेश. योगेंद्रही हसला. जेवणावर त्यानं हात मारला तोही झकास. जागृतीनं स्वतः त्याला मटणाचा रस्सा वाढला, मात्र वाढताना विचारलं, "वाटी खाली आहे ना?"

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा अब्बासभाईंच्या खड्ड्यावर. जागृती या वेळी जातीनं हजर. नवी टायरं लावली, डिकी तिनं स्वतः उघडून दाखवली, रिकाम्या गाडीचे आकडे पुन्हा हिरवे केले. अब्बासभाईंनी मागच्या चाकाच्या वर टेप धरली, गॅरेजच्या कोपऱ्यातली सव्वाशे किलोची लोखंडं डिकीत घालून पुन्हा धरली, आणि खोकले.

"भाऊ, मागून अडीच इंच खाली हुती. त्यात स्प्रिंगांचा एक. दीड लाद्यांचा."

"म्हणजे," जागृती म्हणाली, "ज्या झोकाचं कारखान्यात सगळे कौतुक करत होते, तो माझ्या लाद्यांचा होता?"

अब्बासभाई पाना शोधायला खड्ड्यात उतरले. योगेंद्रनं टायरमधली हवा तपासायला घेतली. गाडी सध्या कर्जत-खोपोली रोज धावते आहे, डिकी रिकामी.