मागनं म्हणा

आमच्या शेजारच्या दत्तूआण्णांना सरळ बोलताच येत नाही. दोन शब्द बोलतात आणि थांबतात. समोरच्यानं तेवढे मागनं म्हटले की मगच पुढचे. किराणा दुकानात, "अर्धा किलो..." दुकानदार म्हणणार, "अर्धा किलो." "शेंगदाणे..." "शेंगदाणे." रांगेतली गिऱ्हाईकं कपाळाला हात लावतात.

कारण असं, की गडमुडशिंगीच्या शाळेत पुढं उभं राहून प्रतिज्ञा सांगायचा मान आण्णांचा. ते एक वाक्य सांगणार, सगळी शाळा मागनं म्हणणार. पुढं कागलच्या एमआयडीसीत लेथवर जन्म गेला, निवृत्तही झाले, पण ते खूळ काही डोक्यातनं गेलं नाही.

शिवाय झेंड्याचा सगळा इतिहास त्यांना ठाऊक. म्हणजे त्यांचा त्यांनीच रचलेला.

"झेंडा जन्मला कोल्हापुरात. वर तांबडा रस्सा, मधी पांढरा, खाली कोथमीर."

"आण्णा, वरचा रंग केशरी हाय."

"दिल्लीला जाईस्तोवर तिखट उतरलं."

"आणि चक्र?"

"गुऱ्हाळाचं. तुला काय कळतंय, तू साताऱ्याचा."

"बरं, प्रतिज्ञा कुठली मग?"

"तालमीतली. पैलवानाला दम लागतो, म्हणून मधी थांबायचं."

आता असल्या माणसापुढं काय डोकं फोडायचं?

रोज सकाळी गॅलरीतल्या छोट्या झेंड्यासमोर हात पुढं करून आण्णा खणखणीत आवाजात प्रतिज्ञा सांगायचे. मागनं म्हणायला आत काकू. त्या त्याच शाळेतल्या, खालच्या वर्गातल्या. लहानपणापासनं आण्णांच्या मागनं म्हणत आलेल्या. भाकरी थापता थापता म्हणायच्या, "...माझे बांधव आहेत, आणि दूध आणा जावा." आण्णा दुधाकडं साफ दुर्लक्ष करून प्रतिज्ञा पुरी करायचे.

दिवाळीनंतर काकू गेल्या.

दिवसकार्य उरकलं आणि एका सकाळी आण्णांचा आवाज परत आला. "भारत माझा देश आहे." मग थांबले. मी हातात चहा घेऊन ऐकत होतो. पुढचं वाक्य काही येईना. जरा वेळानं गॅलरीचं दार लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. नंतर रोज तेच. पहिलं वाक्य, शांतता, दार. खरं सांगतो, चहा गोड लागेना. जगाला झेंडा शिकवणारा माणूस, आणि एका वाक्यावर अडकून पडलेला.

मग एकदा मी दात घासत गॅलरीत उभा होतो. आण्णा म्हणाले, "भारत माझा देश आहे," आणि थांबले. मला राहवेना. तोंडातल्या फेसासकट म्हटलं, "भारत माझा देश आहे."

आण्णांनी मान वळवली. मग बाहीनं डोळे पुसले.

"चूळ भरून म्हण की. प्रतिज्ञा हाय ती."

मी आत पळालो, चूळ भरून आलो. आण्णा हात तसाच पुढं धरून थांबले होते. मग दुसरं वाक्य आलं.

मी मागनं म्हटलं, "...माझे बांधव आहेत. आणि दूध मी आणतो."