एका कडीला साठ माणसं

आमच्या शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, ही बाब मी मुख्याध्यापक या नात्याने सर्वप्रथम नमूद करतो. दार आहे, बिजागऱ्या आहेत, पाणीसुद्धा अधूनमधून असतं. कडी तेवढी गंजून गळून पडली.

शाळा बेंगळुराच्या कडेला, के. आर. पुरमच्या पलीकडे, फ्लॅटच्या जाहिराती संपून नाचणीची शेतं सुरू होतात तिथे आहे. सरकारी, कन्नड माध्यमाची, सातवीपर्यंत. शिक्षक दोन. एक मी, नरसिंहराव, दुसऱ्या सुनंदाबाई. दोघंही घरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातले. त्यामुळे मुलांना कळू नये असं काही असलं की आम्ही मराठीत भांडतो. इतकी वर्षं भांडतोय, की आता मुलांना मराठी बऱ्यापैकी समजायला लागलं आहे.

कडीवरून भांडण सुरू झालं ते हर्षितामुळे. सातवीत ही एकच मुलगी. बाकीच्या सगळ्या चिमुरड्या. दाराबाहेर पहाऱ्याला उभ्या केल्या तर खेळायला पळून जातात. एकदा ती आत असताना पोरांनी दार ढकललं आणि हसत सुटली. त्या दिवसापासून हर्षिता मधल्या सुट्टीत बांधाबांधाने घरी जायला लागली, आणि गेली की परत यायची नाही. शेवटी तिची आई अनुसूया शाळेत आली.

"सर, दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत दाराला कडी लावा. नाहीतर पोरगी घरीच राहील. आता मोठी झालीय ती," एवढंच बोलून बाई निघून गेली.

मुलगी गणितात माझ्यापेक्षा हुशार. मला मनापासून वाईट वाटलं. मी ताबडतोब वर लिहिलं. वरून उत्तर आलं ते तर्काला अगदी धरून होतं: नोंदीप्रमाणे आमचं स्वच्छतागृह 'कडीसह पूर्ण' आहे, सबब असलेली कडी पुन्हा देता येत नाही.

"उद्या शिवाजीनगरच्या बाजारातून मी कडी घेऊन येते. चार स्क्रू पिळले की झालं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"अक्का, स्वल्प विचार करा. सरकारदरबारी एक कडी आहेच. तुम्ही दुसरी लावलीत, तर पहिली कुठे गेली अशी चौकशी लागेल."

"गेली कुठे म्हणजे? गंजून पडली!"

"पडली म्हटलं, की पडेपर्यंत मुख्याध्यापक काय करत होते, हा पुढचा प्रश्न. माझी निवृत्ती तोंडावर आलीय हो."

सुनंदाबाई ऐकणाऱ्यातल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगली जाडजूड कडी आणून माझ्या टेबलावर आपटली. मी ती खणात जपून ठेवली.

अशातच यशोवर्धन आला. मूळ पुण्याचा, एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या समाजसेवा विभागाचा मॅनेजर. गाडीतून उतरून त्याने शाळेकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "सर, आम्ही काय करू शकतो?"

"कडी," मी म्हटलं.

त्याने फोनमध्ये लिहून घेतलं. मग त्याचा चेहरा उतरला. "सर, कडी बसवायला माणसं किती लागतात?"

"एक."

"माझ्याकडे साठ आहेत. एकाने कडी बसवली तर बाकीच्या एकोणसाठ जणांनी सेवा कशाची करायची? एखादी भिंत नाहीये का? भिंतीला साठ जण आरामात लागतात."

भिंती आमच्याकडे भरपूर होत्या. शनिवारी पिवळे टी-शर्ट घातलेली साठ माणसं आली आणि त्यांनी ग्रह, फुलपाखरं आणि एक पेंग्विन काढला. मुलं अंगणात बसून बिस्किटं खात मोठ्या माणसांचा चित्रकलेचा तास बघत होती. शाळा देखणी दिसायला लागली, हे मी नाकारणार नाही. पेंग्विन तर फारच छान होता.

अडचण पुढच्याच शनिवारी आली. दुसऱ्या कंपनीची रूपश्री नावाची मॅडम माणसं घेऊन दारात उभी, आणि भिंती रंगलेल्या. "सर, मग 'आधी'चा फोटो कुठे काढायचा? तुमच्याकडे नुसतं 'नंतर'च आहे," असं म्हणून तिने बस वळवली आणि शेजारच्या गावातली जास्त पडकी शाळा गाठली.

सोमवारी गटशिक्षणाधिकारी वेणुगोपाल साहेबांचा फोन. "नरसिंहराव, पाहुणे माघारी गेले म्हणे! काय ही अनास्था?" पाठोपाठ आदेश आला की शाळेच्या भिंती सदैव रंगकामास पात्र अवस्थेत ठेवण्यात याव्यात.

आदेश म्हणजे आदेश. आम्ही वेळापत्रक बदललं. शुक्रवारी मुलं भिंती खरवडतात, शनिवारी पाहुणे रंगवतात, सोमवार-मंगळवार वास जाईपर्यंत वर्ग झाडाखाली भरतात. उरलेल्या दिवसांत आम्ही शिकवतो, म्हणजे मुलं तेवढी जागी असली तर. चौथीला भागाकार येत नाही, पण खरवडण्यात आमच्या शाळेचा हात कुणी धरणार नाही. साहेबांनी आम्हाला आदर्श शाळा म्हणून जाहीर केलं.

कडी मी प्रत्येक कंपनीला सांगितली. प्रत्येकीने ती फोनमध्ये लिहून घेतली.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी यशोवर्धन पुन्हा आला. "सर, या वेळी थीम आहे मुलींचं शिक्षण! आणि तुमची कडी मी विसरलेलो नाही हं." सुनंदाबाईंचा चेहरा इतका खुलला, की मला त्यांची कीव आली.

स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर रॉकेटवर बसून पुस्तक वाचणारी मुलगी काढायची ठरलं. नमुन्यासाठी मुलगी हवी होती. दोन लांबसडक वेण्यांची हर्षिता सगळ्यांना पसंत पडली. सकाळपासून ती उन्हात, हातात पुस्तक धरून उभी. मधल्या सुट्टीची वेळ टळली तशी तिने सुनंदाबाईंचा पदर ओढला आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"सोडा हो तिला, घरी जायचंय," सुनंदाबाई म्हणाल्या.

"पुट्टी, स्वल्प थांब," यशोवर्धन कौतुकाने म्हणाला. एवढी कन्नड तो आवर्जून शिकला होता. "नुसते डोळे राहिलेत."

पोर दात आवळून उभी राहिली. चित्रात चेहरा जरा ताठ आला. "काय जिद्द आहे बघा हिच्या चेहऱ्यावर!" सगळे म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या.

आणि कडी? दिलेला शब्द यशोवर्धनने पाळला. त्याच्या कंपनीतल्या सात डिझायनर मंडळींनी दुपारभर खपून दारावर कडी रंगवली. सोनेरी, खाली सावलीसकट. इतकी हुबेहूब, की पहिलीतली पोरं ती सरकवायला धावली. बाहेरच्या बाजूने रंगवली, कारण आत फोटोला उजेड नव्हता. फोटो वर गेला, त्यात कडी स्पष्ट दिसली आणि माझी तक्रार निकाली निघाली. समाधान झालं का, असं फोनवर विचारलं गेलं. मी पाच तारे दिले.

सुट्टीनंतर हर्षिता आली नाही. आली ती अनुसूया, मुलीचा दाखला न्यायला. ती चित्रापुढे थांबली. "छान काढलीय माझी पोरगी," म्हणाली. मग दारावरच्या कडीवर एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि गेली.

त्या आठवड्यात शुक्रवार नेहमीसारखाच आला. मुलांनी रॉकेट खरवडलं, पुस्तक खरवडलं, वेण्यांपर्यंत पोचली आणि थांबली.

"सर, हर्षिताक्कालाही खरवडायचं?"

सुनंदाबाई मराठीत मला जे बोलायचं ते बोलल्या, आणि सगळ्या पोरांना ते समजलं. पण उद्याची बस ठरलेली होती.

"खरवडा," मी म्हटलं.

कडी अजून माझ्या खणात आहे, नवीकोरी. हे वाचून तुमचा जीव हळहळला असेल. 'आपण काय करू शकतो?' असंही मनात आलं असेल. यशोवर्धनही गाडीतून उतरून अगदी हेच म्हणाला होता. येत्या शनिवारी या. भिंत तयार आहे. टी-शर्टचं माप तेवढं आधी कळवा.