जगदेवचं जेवण

“रुखमिणी, पाहुणा दारातून तृप्त होऊनच गेला पाह्यजे. तो पोट धरून गेला, तं तुहा नेम तुटला समज.”

सासूबाईंना, म्हणजे सत्यभामाबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण कार्तिकात चूल पेटवली की हा आवाज येतोच. पहाटे काकडआरती, सांजेला तुळशीपाशी दिवा आणि दारी आलेल्याला पोटभर जेवण, हा माझा रोजचा नेम. फुशारकी मला शोभत नाही, तरी सांगते, माझ्या हातचं जेवून आंधळगावातून कुणी कण्हत गेलेलं नाही. याच पुण्याईने यंदा मी एक नाटक कंपनी बुडवत आणली होती.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. मंडईला पाहुणे आणि पाहुण्यांना नाटक, हे ठरलेलं. यंदा कंपनीने मुक्काम आमच्याच गावात ठोकला आणि नट घरोघर वाटून दिले. आमच्या वाट्याला आला चंद्रकुमार.

नाटकात तो जगदेव होतो. जगदेव काही भला माणूस नाही. सख्ख्या भावाचं घर जाळतो आणि देवळात येऊन देवाकडेच पाठ करून उभा राहतो. म्हणून नाटकाला जाताना मी जपमाळ सोबत घेतली. शेजारच्या गोदावरीबाईंना सांगून ठेवलं, “तो आला का मी डोळे मिटून नाम घेतो.”

तो आला. बोलला काहीच नाही. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट, एक हात छातीखाली दाबलेला. नुसता उभा राहिला आणि चिवडा खाणारं सारं गाव घास हातात धरून बसलं. तिकडे गोरागोमटा सज्जन नायक गळा काढून गात होता, त्याच्याकडे कोण बघतंय! या माणसाने घर जाळलं होतं, आणि माझ्या मनात येत होतं, याला कुणी कधी ‘जेवलास का’ म्हणून विचारलं असेल का?

“मिटा ना डोळे,” गोदावरीबाई कुजबुजल्या.

“मिटतो ना बाई.”

मिटले नाहीत. माळ मांडीवरून कधी घसरली, तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रकुमार पाटावर बसला, पण भाताला हात लावेना. त्याच आठ्या, छातीखाली तोच हात. मला वाटलं, जगदेवचं दुःख अजून उतरलेलं नाही.

“काय होऊन राह्यलं, भाऊ?”

“आंबट पाणी येते जी काकू, घशाशी. गावोगाव तिखट तर्रीचं जेवण. मंडई लागली का जळजळ सुरू.”

मी पळी हातात धरून उभीच राहिले. ज्या दुःखापुढे सारं गाव चिडीचूप झालं होतं, ते असं होतं तर!

पण नेम तो नेम. मऊ गुरगुट्या भात, दुधीची भाजी, जिरं घातलेलं ताक. जेवून तो ओसरीवर गाढ झोपला. उठला तो न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखा चेहरा घेऊन. गुणगुणतच गाडीत बसला. त्या दिवशी नाटक आंबागडला होतं.

सकाळी कंपनीचे मालक टेकचंद दारात. मिशा खाली आलेल्या.

“काकू, माह्या जगदेवचं काय केलं जी तुम्ही?”

“कायले? काय झालं?”

“घर जाळलं अन् हसला! देवळात पाठ करून उभं राहाचं, तं यानं हात जोडले. आंबागडच्या बायका म्हणे, हा तं नवरदेवाचा मामा दिसते. उठून गेल्या ना. आज असंच झालं तं मी दुसरा जगदेव आणतो.”

कुंपणापलीकडून गोदावरीबाई म्हणाल्या, “एवढा मोठा माणूस, तुम्ही त्याले ढेकर द्याले लावलं.”

चंद्रकुमार खाली मान घालून ओसरीवर बसला होता.

“आठ्या घालून पाहा ना, बापू,” मी म्हटलं.

त्याने घातल्या. चष्मा हरवलेला माणूस बसची पाटी वाचतो, तसा दिसला.

“दुखतच नाई तं आणू कुठून जी? एवढी वर्षं हाच रोल करून राह्यलो. घर त्याच्यावर चालते.” मग हळूच म्हणाला, “काकू, आज जहाल वाढा. मिरची सोडू नका. वचन द्या मले.”

मी तुळशीपाशी जाऊन उभी राहिले. पाहुण्याला तृप्त करायचं, हे सासूबाईंनी सांगितलं होतं. पण पाहुण्याची तृप्तीच पोट धरण्यात असली तर काय करायचं, ते सांगायचं राहून गेलं होतं. तुळस काही बोलली नाही. अगदी जगदेवसारखी उभी होती.

“देतो वचन,” मी परत येऊन म्हटलं. “पण नाटक झालं का सीधा इथं येऊन ताक प्यायचं.”

“पितो जी.”

आता ते दुःख कशाचं आहे, मला पक्कं ठाऊक आहे. तरी तो पाठमोरा माणूस आठवला की अजून ‘जेवलास का’ म्हणून विचारावंसं वाटतं. आज पुन्हा बघायला जाणार आहे. माळ घरीच ठेवणार आहे, उगाच हरवायला नको.

मी ताक झाकून ठेवलं, टोपली घेतली आणि सासूबाईंच्या फोटोकडे न बघता परसात लवंगी मिरच्या तोडायला निघाले.