हसऱ्याचं टेबल

शहाण्णव माणसांना एका मजल्यावर नीट बसवायचं काम माझ्याइतकं चोख कुणी करूच शकणार नाही! हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं आणि नव्या ऑफिसचा आराखडा माझ्याकडे घेतला.

खरं कारण वेगळंच होतं, तुम्हाला म्हणून सांगतो. तीन महिन्यांत उपव्यवस्थापकाची जागा रिकामी होणार होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता. एक मी, दुसरा खरेदी विभागातला हसऱ्या. नोकरीत माझ्यापेक्षा दोन वर्षांनी कनिष्ठ, पण सदा हसतमुख! लोक मला नमस्कार करून पुढे जातात आणि त्याच्यापाशी थांबतात. माझ्या पोटात दुखायचं ते इथेच.

शर्टाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून मी शहाण्णव टेबलं केली आणि आठवडाभर घरातलं जेवणाचं टेबल अडवून ठेवलं. खिडकीजवळ, साहेबांच्या केबिनला खेटून, अर्थातच मी!

"आणि हा पार टोकाला कोण?" बायकोने विचारलं.

"हसऱ्या! मागे झेरॉक्स, उजवीकडे चहाचं मशीन आणि डावीकडे थेट स्वच्छतागृहाचं दार!"

"अहो, त्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

"सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलतात!"

"चांगलाच आहे तो. मीही बोलते."

मी त्याचं टेबल दाराकडे आणखी अर्धा इंच सरकवलं.

नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी खिडकीपाशी ऐटीत बसलो. अकरा वाजता ऊन डोळ्यांत शिरलं. कॉम्प्युटरवर अक्षर दिसेना, म्हणून काळा चष्मा लावला. साहेबांनी काचेतून पाहिलं आणि त्यांना वाटलं, मी झोपलोय!

तिकडे हसऱ्यापाशी ही गर्दी! चहाला आलेला त्याच्याशी गप्पा मारी, झेरॉक्सची वाट पाहणारा त्याला आपली अडचण सांगे आणि तो ती सोडवूनही टाकी. त्यात साहेबांना मधुमेह! दिवसाला आठ फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत हसऱ्याशी दोन मिनिटं बोलणं. आठ दुणे सोळा मिनिटं! इतकं तर साहेब माझ्याशी वर्षभरात बोलले नव्हते. आराखड्यात मी सगळं मोजलं होतं, फक्त साहेबांच्या फेऱ्या मोजल्या नव्हत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मीही फेऱ्या सुरू केल्या! साहेब उठले की मी उठायचो. कारण खरं वाटावं म्हणून तासाला दोन ग्लास पाणी प्यायचो. पण पाणी काही साहेबांचं वेळापत्रक पाळेना. ते हसऱ्याशी बोलायला उभे राहिले की मला धीर निघत नसे, मी थेट आत! बाहेर येईपर्यंत साहेब गेलेले असायचे.

"तब्येत बरी आहे ना?" हसऱ्या काळजीने विचारायचा. त्या काळजीचाच मला जास्त राग यायचा.

तीन महिन्यांनी साहेबांनी मला बोलावलं.

"हसऱ्याला उपव्यवस्थापक करतोय. मजल्यावर कुणाला काय हवंय, त्याला सगळं ठाऊक असतं! तुमचाही विचार केला होता. पण तुम्ही कधी जागेवर दिसतच नाही हो!"

मी एवढंच मागितलं, "त्याचं टेबल तरी मला द्या." साहेब लगेच हो म्हणाले. आता आठ दुणे सोळा मिनिटं माझी!

सोमवारी मी तिथे रुबाबात बसलो. मंगळवारी नव्या उपव्यवस्थापकांचा पहिला हुकूम निघाला. साहेबांना लांब चालावं लागतं, म्हणून त्यांच्या केबिनला जोडून स्वतंत्र स्वच्छतागृह बांधायचं. जागा? माझी जुनी, खिडकीसकट!

साहेब आता इकडे फिरकत नाहीत. माझी पाणी पिण्याची सवय तेवढी सुटलेली नाही. त्या दृष्टीने टेबल सोयीचं आहे म्हणा!