परबांची लाल चिठ्ठी

आमच्या शेजारचे परब भाकरी खाण्याआधी मोजतात.

म्हणजे किती खायच्या ते नव्हे, त्यांची जाडी. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, परब मायक्रोमीटर ठेवतात. केसाचीही जाडी सांगणारं ते हत्यार ते भाकरीच्या कडेला लावतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात, "मधी बरोबर, कडेक जाड." यावर वहिनींचं उत्तर गेली तीस वर्षं एकच आहे, "ही भाकरी काय रॉकेटात बसवची आसा?"

हा प्रश्न वहिनींनी विचारावा यात विशेष आहे, कारण परबांची खरंच एक वस्तू रॉकेटात बसते.

कॉटन ग्रीनला जुन्या गोदामांच्या रांगेत एक गाळा आहे. तिथे नऊ माणसं मिळून अंगठ्याएवढी एक धातूची कडी बनवतात. ती रॉकेटात जाते. परब तिथले तपासनीस. कडी मापात असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. ती रॉकेटात नेमकी कुठे बसते, असं मी एकदा विचारलं. परबांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आमका ड्रॉइंग कडयेचा मिळता मास्तर, रॉकेटाचा न्हय." एवढ्या अज्ञानावर माणूस इतका ताठ कसा चालू शकतो, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मी परळच्या एका शाळेत मराठी शिकवतो. परबांच्या मते माझा धंदा अगदीच सोपा. पोर नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसतं. त्यांच्या कडीला पुन्हा बसायची सोय नाही. "वर गेल्यार पानो लावूक कोण जातलो?" हे त्यांचं पालुपद. पाना घेऊन वर कोण जाणार, हा प्रश्न ते कुठेही विचारतात. गॅसचा सिलिंडर आला की विचारतात. गणपतीच्या मांडवाची सुंभाची गाठ ओढताना विचारतात. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा चाव्या घ्यायच्या दिवशी सगळे पेढे खात होते आणि परब ओळंब्याची दोरी सोडून दाराच्या चौकटी तपासत होते. बिल्डरच्या इंजिनिअरला त्यांनी सात चौकटींवर लाल चिठ्ठ्या लावून दिल्या. त्यातली एक माझी होती. ते दार अजूनही आपणहून उघडतं, आणि दर वेळी परब माझ्याकडे 'सांगितलं होतं' अशा नजरेनं बघतात.

या माणसाची खरी गंमत उड्डाणाच्या दिवशी. त्या दिवशी ते माझ्याकडे टीव्ही बघायला येतात, आणि टीव्हीकडे पाठ करून उभे राहतात. समोर माझं कपाट, त्यावर कॅलेंडर. उलटी मोजणी सुरू झाली की परबांच्या मानेवर घाम येतो. मग आवाज होतो. "सुटला?" ते कपाटाला विचारतात. मी म्हणतो, "सुटलं." तरी वळत नाहीत. सगळं नीट झाल्याचं जाहीर झालं की खिशातून गुळाचा खडा काढतात, अर्धा मला देतात आणि घरी जातात. इतक्या वर्षांत या गृहस्थांनी एकही रॉकेट उडताना पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी मात्र कॅलेंडरसमोर उभं राहायचे प्रसंगच कमी झाले. मोहिमा पुढे ढकलल्या, काहींवर काट मारली गेली. वर्तमानपत्रात ती चार ओळींची बातमी होती. कॉटन ग्रीनच्या गाळ्यात मात्र तीनपैकी दोन लेथ यंत्रांवर कापड टाकलं गेलं. शेजारच्या गाळ्यात कड्यांना मुलामा देणाऱ्याचंही काम अर्ध्यावर आलं. शेवटी शेठनी परबांना बोलावलं. भले गृहस्थ होते, डोळ्याला डोळा न देता म्हणाले, "परब, दोन माणसं कमी करावी लागतील. तुम्ही सगळ्यांना ओळखता. सोमवारी नावं द्या."

कोणाची नावं जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी लागलेली दोघं. एक लेथवरचा साटम, त्याच्या मुलीचं कॉलेज नुकतं सुरू झालेलं. दुसरी शिल्पा, परबांच्या हाताखाली तपासणी शिकणारी नायगावची मुलगी. तिला आख्खा डबाभर कड्या परबांनी एकदा परत तपासायला लावल्या होत्या. ती रडली, आणि रडून झाल्यावर परत तपासल्या. परबांनी वहिनींना हे मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. शिल्पाला अर्थातच नाही.

रविवारी सकाळी परब माझ्याकडे आले. आठवडाभर त्यांनी वहीत प्रत्येकाची तपासणी लिहिली होती. कोण किती वाजता येतो, कोणाच्या हातून किती माल बाद होतो. शेवटी एकच वाक्य होतं. "सगळे मापात."

"मग शेठना काय सांगणार?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली. छापील रकाने, त्यात त्यांचं ते टोकदार अक्षर. वस्तू: परब. दोष: झीज. खाली त्यांची सही आणि शेजारी एक मोकळी जागा.

"माझ्या एकट्याच्या पगारात ती दोघां बसतत," ते म्हणाले. "हात हलता मास्तर. तुमका दिसूचा नाय, माका दिसता."

मला राग आला. म्हटलं, "परब, हा काय पोरखेळ आहे? नोकरी सोडायची तर साधा अर्ज लिहा. आणि मला कशाला दाखवताय?"

"आपल्या पीसावर आपणच निकाल देवचो नाय, असो नियम आसा. दुसऱ्याची सही लागता."

मी पेन काढलं. इतकी वर्षं पोरांना पास-नापास केलं, पण इतकी जड सही कधी केली नव्हती. त्यांच्या हाताकडे निरखून बघितलं. मला तरी तो हलताना दिसला नाही. तरी सही केली, कारण चिठ्ठी फाडली असती तर त्यांनी दुसरी आणली असती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला या माणसाचा फार अभिमान वाटला.

शेठनी चिठ्ठी कशी घेतली ठाऊक नाही. साटम राहिला, शिल्पा राहिली, आणि परबांच्या टेबलाशी ती बसू लागली. परब आता घरी असतात, मजेत असतात. टॉवरमधले सगळे नळ त्यांच्या देखरेखीखाली आलेत. वहिनींच्या भाकऱ्या दिवसातून दोनदा मोजल्या जातात.

परवा बऱ्याच महिन्यांनी उड्डाण होतं. परब वेळेवर आले. मी सवयीनं कपाटासमोरची खुर्ची बाजूला केली. ते सरळ माझ्या शेजारी कोचावर येऊन बसले, तोंड टीव्हीकडे.

"पाठ नाही करायची?"

"आज कडी शिल्पान तपासल्यान हा. आज भियाचा कित्याक?"

मोजणी संपली. धूर झाला, आणि ते अवाढव्य रॉकेट जागचं हललं. परबांनी माझं मनगट पकडलं. "केवढा मोठा आसा ह्या!" ते पुटपुटले. डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना बटण सापडेना, मीच दाबून दिलं. पलीकडून शिल्पाचा घाबरा आवाज आला, "काका, सुटलं का हो? मी टीव्हीकडे पाठ करून उभी आहे."

परबांनी खिशातून गुळाचा खडा काढला.

"सुटला गो बाये," ते म्हणाले. "वळ आता. बघ."